सिनेटमध्ये प्रार्थना म्हणणारा पाळक : बायरन संडरलंड

धागाकर्ता : पानगळ

अमेरिकन यादवी युद्धाबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात लिंकन असतो, ग्रँट आणि ली असतात, गेटिसबर्ग असतं. त्या काळातल्या एका पाळकाबद्दल मात्र आपल्याकडे काहीच लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हा धागा. त्यांचं नाव रेव्हरंड बायरन संडरलंड. 1853 पासून ते वॉशिंग्टनच्या फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक होते. शिवाय दोनदा अमेरिकन सिनेटचे चॅपलेन झाले, आधी 1861 ते 1864 आणि मग 1873 ते 1879.

चॅपलेन म्हणजे काय, ते आधी सांगतो. सिनेटचं कामकाज प्रार्थनेने सुरू होतं आणि ती प्रार्थना म्हणायला सभागृह एका धर्मगुरूची निवड करतं. 1789 पासूनची ही पद्धत. सुरुवातीला वर्षाला 500 डॉलर पगार ठरला होता. चॅपलेनला मत नाही, चर्चेत बोलायचा हक्क नाही. प्रार्थना संपली की त्याचं सभागृहातलं काम संपलं. या पदावर किती बोलता येतं असं तुम्ही विचाराल. माझं म्हणणंच ते आहे, की या माणसाची कसोटी सिनेटमध्ये लागली नाही. ती लागली त्यांच्या स्वतःच्या चर्चमध्ये, बाकांचं भाडं भरणाऱ्या लोकांसमोर.

संडरलंड यांचा जन्म 22 नोव्हेंबर 1819 चा, व्हरमाँट राज्यातल्या शोरहॅम गावचा. शेजारच्या मिडलबरी कॉलेजातून ते 1838 मध्ये पदवीधर झाले, मग न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत शिकले. पहिली मंडळी न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातल्या बटेव्हियाची, त्यानंतर सिरॅक्यूज. हा सगळा पट्टा धर्मजागृतीच्या सभांनी ढवळून निघालेला होता. दारूबंदी, स्त्रियांचे हक्क, गुलामगिरीचा विरोध, सगळ्या चळवळी तिथे जोरात होत्या. पळून आलेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याचा कायदा 1850 मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी, 1 ऑक्टोबर 1851 ला, सिरॅक्यूजमध्ये जमावाने पोलीस कचेरीवर चाल करून ‘जेरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका पळून आलेल्या गुलामाला सोडवलं आणि कॅनडाला पोचवलं. असं वारं असलेल्या भागातून हा तिशीतला पाळक राजधानीत आला.

राजधानीत गुलामगिरी कायदेशीर होती. 1850 मध्ये वॉशिंग्टनमधला गुलामांचा बाजार बंद झाला एवढंच. घरात, हॉटेलांत, बांधकामांवर गुलाम राबतच होते. फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्च साडेचार क्रमांकाच्या रस्त्यावर होतं (हो, ‘फोर अँड अ हाफ स्ट्रीट’ असंच त्या रस्त्याचं नाव), कॅपिटॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावर. जॅक्सन, पोक, पिअर्स असे राष्ट्राध्यक्ष तिथे उपासनेला येत.

आता या चर्चच्या हिशोबाकडे जरा बारकाईने बघा. तेव्हा चर्चमधली बाकं भाड्याने दिली जात. कुटुंबाने वर्षाचं भाडं भरायचं की ते बाक त्यांचं. पुढचं बाक महाग, मागचं स्वस्त. त्या पैशातून पाळकाचा पगार, दिवाबत्ती, कोळसा, वाद्य, दुरुस्ती. म्हणजे रविवारी सकाळी पाळक व्यासपीठावर उभा राहिला की समोर जे बसलेले असत, तेच त्याचं घर चालवत. वॉशिंग्टनमध्ये त्या बाकांवर कोण होतं? दक्षिणेकडचे खासदार, सरकारी कारकून, लष्करी अधिकारी, व्हर्जिनिया-मेरीलँडकडची जुनी घराणी. कित्येकांच्या घरी गुलाम. आणि हा गृहस्थ त्यांच्यासमोर गुलामगिरी पाप आहे असं सांगायचा.

प्रेस्बिटेरियन पंथात बिशप नसतो. मंडळीतले निवडलेले वडीलजन आणि पाळक मिळून कारभार बघतात आणि पाळकाला बोलावतेही मंडळीच. अशा व्यवस्थेत बिशपच्या आड लपायची सोय नाही. मंडळी उठली तर पाळकाला सामान बांधावं लागतं. संडरलंड त्याच व्यासपीठावर चार दशकांहून अधिक काळ राहिले. मला ही गोष्ट त्यांच्या सिनेटमधल्या दोन्ही मुदतींपेक्षा मोठी वाटते.

सिनेटने त्यांना निवडलं 10 जुलै 1861 ला. तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याआधी एप्रिलमध्ये मॅसॅच्युसेट्सची सहावी रेजिमेंट वॉशिंग्टनला पोचली तेव्हा तिचे सैनिक सिनेटच्या दालनातच झोपले होते. संडरलंड यांची निवड झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 11 जुलैला, सिनेटने बंडखोर राज्यांच्या दहा सदस्यांना एका ठरावाने काढून टाकलं. आणि 21 जुलैला राजधानीपासून काही मैलांवर बुल रनला उत्तरेच्या फौजेची दाणादाण उडाली. चॅपलेन म्हणून पहिल्या पंधरवड्यात या माणसाने हे सगळं पाहिलं.

पुढे 3 एप्रिल 1862 ला सिनेटने राजधानीतली गुलामगिरी रद्द करणारं विधेयक 29 विरुद्ध 14 मतांनी मंजूर केलं, 16 तारखेला लिंकनची सही झाली आणि सुमारे 3,100 माणसं मोकळी झाली. मालकांना भरपाई मिळाली, माणशी सरासरी 300 डॉलरपर्यंत. गुलामगिरी देशभर बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती सिनेटमध्ये 8 एप्रिल 1864 ला 38 विरुद्ध 6 मतांनी संमत झाली, तेव्हाही चॅपलेन संडरलंडच होते. त्यांच्या प्रार्थनेमुळे मतं पडली असं मी मुळीच म्हणत नाही. पण अकरा वर्षं ज्या गोष्टीसाठी ते आपल्या बाकांसमोर बोलत आले, ती डोळ्यांदेखत कायदा होताना बघणं किती पाळकांच्या वाट्याला आलं असेल?

1862 च्या डिसेंबरअखेरची एक भेट त्यांनी पुढे सांगून ठेवली आहे. बंडखोर राज्यांतल्या गुलामांना मोकळं करणारा मुक्तीचा जाहीरनामा 1 जानेवारीला निघणार होता आणि लिंकन ऐनवेळी माघार घेतील अशी कुजबूज होती. संडरलंड एका परिचिताबरोबर व्हाइट हाउसला गेले आणि राष्ट्राध्यक्षांना शब्दाला जागण्याची विनंती केली. त्यांच्या आठवणीप्रमाणे लिंकननी आधी गमतीचा सूर लावला, मग गंभीर होऊन म्हणाले की योग्य काय ते कळणं फार अवघड असतं, तुम्ही मनापासून प्रार्थना करता तसे पलीकडचे लोकही करतात. दोन वर्षांनी दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात लिंकननी हाच विचार मांडला, की दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाची प्रार्थना करतात. सिनेटच्या चॅपलेनला हे ऐकवलं जाणं मला फार अर्थपूर्ण वाटतं.

बाकीचं आयुष्य थोडक्यात. 1864 मध्ये सिनेट सोडून काही काळ पॅरिसच्या अमेरिकन चॅपलमध्ये. परत आल्यावर 1867 ते 1869 हॉवर्ड विद्यापीठाचे (मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेलं) अध्यक्ष. मग पुन्हा सिनेट. 1886 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांचं लग्न त्यांनीच लावलं. मृत्यू 30 जून 1901, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिलला.

कुणाकडे आणखी माहिती असेल तर जरूर लिहा.

---

अटलांटिक_काठ

फार चांगला विषय काढलात. मी वॉशिंग्टनजवळ राहते म्हणून चर्चचं पुढे काय झालं ते सांगते. साडेचार रस्त्याचं ते जुनं चर्च आता नाही. 1930 मध्ये ती मंडळी चर्च ऑफ द कव्हेनंटमध्ये विलीन झाली आणि त्यातूनच 1947 मध्ये नॅशनल प्रेस्बिटेरियन चर्च झालं. आज ते शहराच्या वायव्य भागात आहे, नेब्रास्का अव्हेन्यूवर.

हॉवर्डबद्दल तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण खरी गोष्ट तिथेच आहे. हॉवर्ड विद्यापीठाची सनद 2 मार्च 1867 ची. पहिले अध्यक्ष होते चार्ल्स बॉयंटन, आणि तेही चॅपलेनच, हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जचे. म्हणजे काँग्रेसच्या दोन सभागृहांचे दोन चॅपलेन लागोपाठ या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. बॉयंटन फर्स्ट काँग्रिगेशनल चर्चचे पाळक होते. त्यांचं चर्च बांधून व्हायचं होतं म्हणून त्यांची उपासना चक्क हाउसच्या सभागृहात भरायची. आणि याच बॉयंटन यांनी 1867 च्या शेवटी अशी भूमिका घेतली की कृष्णवर्णीयांनी आपली वेगळी चर्चं चालवलेली बरी. ज्यांच्यावरून विद्यापीठाचं नाव पडलं ते जनरल हॉवर्ड त्याच मंडळीचे सभासद. त्यांना हे अजिबात पटलं नाही. मोठा वाद झाला आणि बॉयंटन आपल्या बाजूच्या लोकांना घेऊन बाहेर पडले.

आता याच्या शेजारी संडरलंडना ठेवून बघा. फेब्रुवारी 1866 मध्ये त्यांच्या चर्चमध्ये फ्रेडरिक डग्लस यांचं व्याख्यान झालं. स्वतः गुलामीतून पळालेला माणूस, राजधानीतल्या प्रतिष्ठित गोऱ्या मंडळीच्या चर्चमध्ये. काही दिवस आधीच, 7 फेब्रुवारीला, डग्लस राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनना भेटून मताधिकाराची मागणी करून आले होते आणि जॉन्सननी त्यांना झिडकारलं होतं. युद्धाच्या काळात वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन या संशोधन संस्थेच्या प्रमुखांनी आपल्या सभागृहात डग्लसचं भाषण होऊ दिलं नव्हतं. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की त्या दरवाज्याची किंमत कळते.

---

पानगळ

@अटलांटिक_काठ, मनापासून आभार. बॉयंटन यांचं उदाहरण फार महत्त्वाचं आहे. गुलामगिरी वाईट म्हणणं एक, आणि मोकळा झालेला माणूस आपल्या शेजारच्या बाकावर बसलेला चालणं दुसरं. 1867 मध्ये उत्तरेतले कितीतरी भले लोक या दुसऱ्या पायरीवर अडले.

---

घटनावेडा

लेख आवडला, पण मूळ मुद्द्यावर माझा आक्षेप आहे. लोकांच्या करातून पगार घेऊन एका धर्माच्या माणसाने कायदेमंडळात प्रार्थना म्हणणं हेच मुळात चूक. जेम्स मॅडिसन यांचंही मत पुढे हेच झालं होतं, आणि घटनेची पहिली दुरुस्ती घडवण्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा. अल्पसंख्य पंथाचा माणूस या पदावर कधीच निवडून येणार नाही, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं.

1850 च्या दशकात चॅपलेन पद रद्द करा म्हणून काँग्रेसकडे अर्जांचा मारा झाला. 1854 मध्ये हाउसच्या न्यायविषयक समितीने ते अर्ज फेटाळले. तरीही 1855 ते 1861 हाउसने चॅपलेन निवडलाच नाही. शहरातले पाळक पाळीपाळीने येऊन प्रार्थना म्हणत. सिनेटनेही 1857 ते 1859 तेच केलं. म्हणजे चॅपलेनवाचून काम अडत नव्हतं.

आणि आपल्याकडचं बघा. 17 ऑक्टोबर 1949 ला संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी दुरुस्ती मांडली. ती 41 विरुद्ध 68 मतांनी पडली. विरोध करणाऱ्यांत पुष्कळ श्रद्धावान होते. त्यांचं म्हणणं एवढंच की श्रद्धा हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यावर मतदान नको. मला ते शहाणपण मोठं वाटतं.

---

पानगळ

@घटनावेडा, पदाबद्दल तुमच्याशी माझा फारसा वाद नाही. उलट संडरलंड यांच्याच कारकिर्दीतून तुमच्या बाजूचा पुरावा देतो. मार्च 1879 मध्ये सिनेटमधलं बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलं आणि 24 तारखेला संडरलंड यांच्या जागी जोसेफ बुलक चॅपलेन झाले. तेही प्रेस्बिटेरियनच, पण केंटकीचे. म्हणजे देवाची प्रार्थना कोणी म्हणायची हेही पक्षाच्या संख्याबळावर ठरत होतं.

म्हणूनच मी सुरुवातीला म्हटलं की पदावरून या माणसाला मोजू नका. पद गेलं त्या रविवारीही ते आपल्या व्यासपीठावर उभे होतेच.

त्यांच्या दुसऱ्या मुदतीतली एक गोष्ट लेखात राहिली. 1875 मध्ये मिसिसिपीतून ब्लँच ब्रूस सिनेटवर आले. त्यांचा जन्म गुलामीतला. 14 फेब्रुवारी 1879 ला ब्रूस यांनी सिनेटच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसून कामकाज चालवलं. गुलामीत जन्मलेल्या माणसाने ते स्थान घेण्याची ती पहिलीच वेळ. 1861 मध्ये ज्या दालनातून मिसिसिपीचे सदस्य उठून गेले होते, तिथे हे घडलं तेव्हा चॅपलेन संडरलंडच होते. त्यानंतर सव्वा महिन्याने संडरलंड यांची मुदत संपली.

---

जास्वंद

मी ख्रिस्ती आहे, मिरजेची. आमचं कुटुंब जुन्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या मंडळीतलं. त्यामुळे ‘बिशप नाही, आड लपायची सोय नाही’ हे वाक्य फार जवळचं वाटलं. आमच्याकडे आजही वडीलजनांची निवडणूक होते, पाळकसाहेबांना कुठे ठेवायचं यावर पंचांच्या सभेत तासन् तास बोलणं होतं. ज्यांच्या वर्गणीवर पाळकाची चूल पेटते, त्यांनाच रविवारी कडू बोलणं किती कठीण असतं ते मी जवळून पाहिलंय. माझे आजोबा पाळक होते. जातीवरून मंडळीत वेगळं बसायचा प्रकार त्यांनी एकदा व्यासपीठावरून नाव न घेता बोलून दाखवला. त्या आठवड्यात आमच्या घरी कुणी आलं नाही. आजी म्हणायची, “पुढच्या रविवारी तुम्ही तेच बोला.” आणि ते तेच बोलले.

सांगली-मिरजेकडच्या लोकांना वानलेसवाडी माहीत असेल. डॉ. विल्यम वानलेस याच मिशनचे. 1894 मध्ये त्यांनी मिरजेचं रुग्णालय उभं केलं. त्याआधी या मिशनचं मूळ केंद्र कोल्हापूर. तिथे रॉयल गूल्ड वाइल्डर 1852 मध्ये आले होते. त्यांचा आणि संडरलंड यांचा काही संबंध आहे का? काळ एकच दिसतो.

---

पानगळ

जास्वंदताई, तुमच्या आजीचं वाक्य वाचून थांबलो थोडा वेळ.

वाइल्डर यांचा धागा आहे, आणि तो मलाही थक्क करून गेला. वाइल्डर 1816 चे, व्हरमाँटमधल्या ब्रिडपोर्ट गावचे. ब्रिडपोर्ट आणि शोरहॅम ही शेजारशेजारची गावं, एकाच अ‍ॅडिसन परगण्यातली. वाइल्डर मिडलबरी कॉलेजातून 1839 मध्ये बाहेर पडले, संडरलंड 1838 मध्ये. अगदी लहान कॉलेज. दोघं तिथे एकाच वेळी शिकत होते. एक 1846 मध्ये अहमदनगरला आला आणि तिथून कोल्हापूरला गेला. दुसरा वॉशिंग्टनच्या व्यासपीठावर पोचला.

---

जुना_वाचक

अरे वा! मग ही साखळी पुढे थेट आनंदीबाई जोशींपर्यंत जाते. कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

वाइल्डर यांचं स्वतःच्या मिशन बोर्डाशी शाळांवरून वाजलं होतं. बोर्डाचं म्हणणं, शाळांवर खर्च कमी करा, उपदेशावर भर द्या. वाइल्डरना शाळा हव्या होत्या. शेवटी बोर्ड सोडून ते कोल्हापुरात स्वतंत्रपणे काम करू लागले आणि 1870 मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे आले. 1875 मध्ये ते अमेरिकेला परतले आणि 1878 पासून प्रिन्स्टनहून एक मिशनरी नियतकालिक काढू लागले.

गोपाळराव जोशी कोल्हापुरात पोस्टात असताना त्यांनी बायकोला अमेरिकेत शिकवायचं मनात घेतलं आणि मदतीसाठी मिशनऱ्यांना लिहिलं. ते पत्र वाइल्डर यांच्याकडे गेलं. वाइल्डरनी ते आपल्या नियतकालिकात छापलं, आणि सोबत आपलं उत्तरही, की आधी ख्रिस्ती व्हा. गोपाळरावांनी ते मानलं नाही. पण न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिसिया कार्पेंटरबाईंनी दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसलेल्या असताना तो अंक चाळला, पत्र वाचलं आणि आनंदीबाईंना लिहिलं. कुठलीही अट न घालता त्यांनी आनंदीबाईंना आपल्या घरी बोलावलं. 1883 मध्ये आनंदीबाई अमेरिकेला गेल्या, 11 मार्च 1886 ला फिलाडेल्फियाच्या वुमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

वाइल्डरना हवं ते झालं नाही, पण त्यांनी पत्र छापलं म्हणून पुढचं सगळं घडलं.

---

रानवाट

1886! म्हणजे आनंदीबाई डॉक्टर झाल्या त्याच वर्षी संडरलंड यांनी क्लीव्हलंड यांचं लग्न लावलं. त्या लग्नाबद्दल सविस्तर लिहा ना कुणी.

---

अटलांटिक_काठ

लिहिते. 2 जून 1886, संध्याकाळी सातला, व्हाइट हाउसच्या ब्लू रूममध्ये. ग्रोव्हर क्लीव्हलंड 49 वर्षांचे, फ्रान्सिस फोल्सम 21 वर्षांची. राष्ट्राध्यक्षाचं स्वतःचं लग्न व्हाइट हाउसमध्ये झालं ते हे एकच. पाहुणे मोजके, चाळीसच्या आत. मरीन बँड वाजत होता, संचालन जॉन फिलिप सूसा यांचं. विधी संडरलंड यांनी केला, आणि मदतीला नवऱ्या मुलाचे भाऊ विल्यम, तेही प्रेस्बिटेरियन पाळक. क्लीव्हलंड यांचे वडीलही याच पंथाचे पाळक होते, म्हणून वॉशिंग्टनला आल्यावर त्यांनी संडरलंड यांचं चर्च धरलं.

त्या विधीत एक बदल होता. वधूच्या शपथेतून नवऱ्याची आज्ञा पाळीन हे शब्द गाळले होते. प्रेम करीन, मान राखीन, सांभाळीन, एवढंच. शपथेचा मसुदा क्लीव्हलंडनी स्वतः हाताखालून घातला होता आणि संडरलंडनी तो तसा वाचला. त्याच सुमाराला मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा होता, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असा. 1887 मध्ये न्यायालयाने तसा हुकूम दिलाही. त्यामुळे मला ती गाळलेली आज्ञा नुसती हौस वाटत नाही.

त्या शहरातलं आणखी एक लग्न इथे नोंदवते. 24 जानेवारी 1884 ला फ्रेडरिक डग्लस यांनी हेलन पिट्स या गोऱ्या बाईंशी लग्न केलं. दोघांच्याही घरचे लोक नाराज, वर्तमानपत्रांनी तोंडसुख घेतलं. ते लग्न लावणारे होते फ्रान्सिस ग्रिमके, पंधराव्या रस्त्यावरच्या कृष्णवर्णीय प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक. स्वतः गुलामीत जन्मलेले, प्रिन्स्टन सेमिनरीत शिकलेले. पुढे क्लीव्हलंड दांपत्याने व्हाइट हाउसच्या समारंभांना डग्लस पतिपत्नींना सन्मानाने बोलावलं, आणि डग्लसनी ते कृतज्ञतेने नोंदवून ठेवलं आहे.

---

घटनावेडा

@अटलांटिक_काठ, पंधराव्या रस्त्याच्या त्या मंडळीचेच आधीचे एक पाळक हेन्री हायलंड गार्नेट. 12 फेब्रुवारी 1865 च्या रविवारी त्यांनी हाउसच्या सभागृहात प्रवचन केलं. त्या दालनात बोलणारे ते पहिले कृष्णवर्णीय. तेरावी दुरुस्ती हाउसने 31 जानेवारीला मंजूर केली होती, त्याच आनंदात हे निमंत्रण होतं. आणि निमंत्रण देणारे होते तेव्हाचे हाउसचे चॅपलेन, विल्यम हेन्री चॅनिंग, युनिटेरियन पंथाचे. पदाला माझा विरोध कायम आहे, पण चॅनिंग यांनी ते ज्यासाठी वापरलं ते चांगलंच केलं.

कायद्याचं सांगायचं तर हा प्रश्न 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. नेब्रास्काच्या विधिमंडळात रॉबर्ट पामर हे पाळक 1965 पासून पगारी चॅपलेन होते, महिना 319.75 डॉलर. तेही प्रेस्बिटेरियन. आमदार एर्नी चेंबर्स यांनी दावा केला. न्यायालयाने 6 विरुद्ध 3 ने चॅपलेन ठेवणं घटनेत बसतं असा निकाल दिला. कारण काय, तर पहिली दुरुस्ती लिहिणाऱ्या काँग्रेसनेच चॅपलेन नेमले होते. जुनी रूढ आहे म्हणून योग्य, हा युक्तिवाद मला कमकुवत वाटतो. सतीच्या बाबतीतही तो केला गेलाच होता.

---

रानवाट

2007 मध्ये सिनेटमध्ये हिंदू प्रार्थना झाली होती ना? गोंधळ झाल्याचं आठवतं.

---

अटलांटिक_काठ

हो, 12 जुलै 2007 ला राजन झेद यांनी म्हटली. प्रेक्षक सज्जातून तिघांनी आरडाओरडा केला, त्यांना बाहेर काढलं आणि प्रार्थना पूर्ण झाली. हाउसमध्ये त्याआधीच, 14 सप्टेंबर 2000 ला, हिंदू पुजाऱ्याने प्रार्थना म्हटली होती. पण हे पाहुणे. नेमलेला चॅपलेन आजवर ख्रिस्तीच झाला आहे, म्हणजे मॅडिसन यांचा अंदाज त्या बाबतीत खरा ठरला.

---

जास्वंद

पानगळदादा, लिंकनच्या मृत्यूच्या वेळी जे पाळक होते ते संडरलंड का? मी लहानपणी रविवारच्या शाळेत ती गोष्ट ऐकली होती, नाव लक्षात नाही.

---

पानगळ

नाही ताई, ते फिनियस गर्ली. पंथ तोच, शहर तेच, आणि संडरलंड यांच्या आधी सिनेटचे चॅपलेनही तेच, 15 डिसेंबर 1859 पासून. त्यामुळे घोटाळा होणं अगदी साहजिक आहे. गर्ली न्यूयॉर्क अव्हेन्यू प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक. लिंकन कुटुंबाने तिथे वर्षाला 50 डॉलर देऊन बाक घेतलं होतं. लिंकनचा मुलगा विली 20 फेब्रुवारी 1862 ला गेला तेव्हा ईस्ट रूममधलं अंत्यविधीचं प्रवचन गर्लींनीच केलं. 15 एप्रिल 1865 ला, गोळी लागल्यावर लिंकनना जिथे नेलं होतं त्या पीटरसनच्या घरी, सकाळी 7 वाजून 22 मिनिटांनी लिंकनने प्राण सोडला तेव्हा पलंगापाशी प्रार्थना म्हणणारे तेच. मग शवपेटीच्या गाडीबरोबर ते स्प्रिंगफील्डपर्यंत गेले. 1868 मध्येच वारले, वय 51.

दोघांमध्ये फरक होता. प्रेस्बिटेरियन मंडळ्या 1837 मध्ये फुटून ओल्ड स्कूल आणि न्यू स्कूल असे दोन गट झाले होते. भांडण मुख्यतः धर्ममताचं, पण गुलामगिरीची धग त्यातही होती. गर्ली ओल्ड स्कूलचे, संडरलंड न्यू स्कूलचे. गर्ली व्यासपीठावरून राजकारण टाळत, आणि लिंकनना त्यांचं तेच आवडे असं सांगतात. संडरलंड टाळत नसत. मी कुणा एकाला कमी लेखत नाही. मूल गेलेल्या बापाला गर्लींसारखा माणूस हवा होता. पण 1855 च्या वॉशिंग्टनमध्ये, ज्या घरच्या स्वयंपाकघरात गुलाम उभा आहे त्या घरच्या बाकासमोर, संडरलंड हवे होते.

---

जास्वंद

हे पटलं. गर्लींवरही लिहा. आणि मी आमच्या मंडळीच्या जुन्या दप्तरात वाइल्डर यांच्या काळातलं काही आहे का ते पंचांना विचारते. कोल्हापूरच्या काही नोंदी मिरजेला आल्या असं वडील सांगायचे. मिळालं तर इथेच टाकीन.

---

पानगळ

नक्की टाका, वाट बघतो. विशेषतः शाळांचे हिशोब मिळाले तर फार बरं, बोर्डाशी भांडण त्यावरूनच झालं होतं. गर्लींचा वेगळा धागा काढतो.

जाता जाता संडरलंड यांच्या अखेरच्या वर्षांबद्दल. 1895 मध्ये ब्रुकलिनचे प्रसिद्ध प्रवचनकार टॅल्मेज यांना त्यांच्या चर्चने सोबतीला बोलावलं. टॅल्मेज यांची प्रवचनं देशभरच्या वर्तमानपत्रांतून छापून येत, त्यांना ऐकायला गर्दी लोटे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या संडरलंडनी त्यांच्याबरोबर एकच व्यासपीठ वाटून घेतलं. हॉवर्ड विद्यापीठ तोवर वैद्यक, कायदा, धर्मशास्त्र अशा सगळ्या शाखांनी भरलं होतं, आणि टेकडीवर आजही आहे.

---